जहाजांच्या जुन्या वह्या आणि मॅथ्यू मॉरी



महासागर शिकवताना आपण फळ्यावर पाच नावं लिहितो, मुलं ती पाठ करतात आणि धडा संपतो. पण समुद्राची माहिती गोळा केली कोणी? आणि त्यासाठी सरकारने पैसा का खर्चायचा? हे सांगायचं राहूनच जातं. म्हणून आज मॅथ्यू फाँटेन मॉरी यांची ओळख करून घेऊ. १ फेब्रुवारी हा त्यांचा स्मृतिदिन. सरकारने समुद्राचा पद्धतशीर अभ्यास करायचा असतो, ही गोष्ट ज्यांच्यामुळे जगाला पटली त्यांत मॉरींचं नाव फार वर येतं.

मॉरी यांचा जन्म १४ जानेवारी १८०६ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात झाला. तो लहान असतानाच घरचे टेनेसी राज्यात शेतीसाठी गेले. समुद्र तिथून शेकडो मैल लांब. थोरला भाऊ जॉन नौदलात होता, तो १८२४ मध्ये पीतज्वराने वारला. त्यामुळे दुसऱ्या मुलाने नौदलात जाऊ नये असं वडिलांना वाटत होतं. तरीही १८२५ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, मॅथ्यू शिकाऊ अधिकारी म्हणून दाखल झाला. पुढच्या काही वर्षांत त्याने जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणाही केली.

१८३१ मध्ये फाल्मथ नावाच्या जहाजावर मार्ग ठरवण्याचं काम त्याच्याकडे आलं. दक्षिण अमेरिकेचं टोक, म्हणजे केप हॉर्न, वळसा घालून जायचं होतं. तिथले वारे कसे, प्रवाह कुठून वाहतात हे कुठे लिहिलेलं सापडेना. शेकडो जहाजं तिथून गेली होती, पण प्रत्येक कप्तानाचा अनुभव त्याच्या डोक्यात नाहीतर त्याच्या वहीत. ही अडचण मॉरींच्या मनात घर करून राहिली.

१८३९ मध्ये एक अपघात झाला. ओहायो राज्यात प्रवासी घोडागाडी उलटली आणि मॉरींचा उजवा पाय मोडला. तो पुन्हा नीट झालाच नाही. लंगडणाऱ्या अधिकाऱ्याला जहाजावर कोण पाठवणार? मधल्या काळात त्यांनी टोपणनावाने लेख लिहून नौदलाच्या कारभारावर सडकून टीका केली. (टोपणनाव फार दिवस टिकलं नाही, लेखक कोण ते लोकांना कळलंच!) शेवटी १८४२ मध्ये त्यांना वॉशिंग्टनला नकाशे आणि उपकरणांच्या कोठाराचं प्रमुखपद मिळालं. बसून करायचं काम.

त्या कोठारात नौदलाच्या जहाजांच्या जुन्या रोजनिश्या पडून होत्या. आज वारा कुठला, वेग किती, जहाज कुठे होतं, अशा रोजच्या नोंदी. प्रवास संपला की वही कोठारात. आपल्या शाळेच्या कपाटात जुनी रजिस्टरं असतात ना, अगदी तसंच. मॉरींनी आपल्या माणसांना या वह्या उघडायला लावल्या. समुद्राचे चौकोन पाडले आणि कोणत्या चौकोनात कोणत्या महिन्यात वारा कुठून किती वेळा वाहिला, ते मोजायला सुरुवात केली. १८४७ मध्ये उत्तर अटलांटिकचा वाऱ्यांचा आणि प्रवाहांचा पहिला नकाशा छापून झाला.

सुरुवातीला कप्तान मंडळींनी फारसं मनावर घेतलं नाही. अमेरिकेतून ब्राझीलमधील रिओला जाताना जहाजं तेव्हा पूर्वेकडे खूप लांबचा वळसा घालत, कारण ब्राझीलच्या किनाऱ्याजवळचा प्रवाह जहाज ओढून नेतो अशी भीती होती. वह्यांतल्या नोंदी सांगत होत्या की ही भीती अवाजवी आहे, सरळ जा. १८४८ मध्ये बाल्टिमोरच्या एका जहाजाने हे ऐकलं. नेहमी सुमारे ५५ दिवस लागायचे, ते ३८ दिवसांत पोहोचलं. मग काय, नकाशासाठी रीघ लागली.

इथे मॉरींनी जी युक्ती केली ती मला सगळ्यात जास्त आवडते. नकाशे फुकट, पण अट एकच. त्यांनी दिलेल्या तक्त्यात रोजचा वारा, प्रवाह, हवेचं आणि पाण्याचं तापमान भरायचं आणि प्रवास संपल्यावर तक्ता परत पाठवायचा. म्हणजे समुद्रावरचा प्रत्येक खलाशी संशोधनात सामील! सरकारला नवीन जहाजं बांधावी लागली नाहीत. देवमासे कुठे दिसले याचाही नकाशा तयार झाला, कारण त्या काळी त्यांच्या तेलावर दिवे जळत. न्यूयॉर्क ते सॅनफ्रान्सिस्को प्रवासाला सहा महिने लागायचे. १८५१ मध्ये फ्लाइंग क्लाउड हे जहाज ९० दिवसांच्या आत पोहोचलं. त्याचा मार्ग काढणारी होती कप्तानाची पत्नी एलेनोर क्रीसी, आणि तिच्यासमोर मॉरींचे नकाशे होते. वर्गातल्या मुलींना हे आवर्जून सांगावं.

दिवस वाचले म्हणजे पैसे वाचले, हे संसदेलाही समजलं. १८४९ मध्ये कायदा करून या कामासाठी नौदलाची जहाजं देण्याची तरतूद झाली. खोल समुद्र मोजायला सुरुवात झाली. जॉन ब्रुक या तरुण अधिकाऱ्याने तोफेचा गोळा लावलेलं एक साधन बनवलं. तळाला टेकताच गोळा सुटून तिथेच राही आणि दोरीबरोबर तळाची माती वर येई. त्या मातीत अतिसूक्ष्म शंख सापडले, तेही न झिजलेले. म्हणजे तळाशी पाणी शांत आहे. अटलांटिकखालून तारायंत्राची केबल टाकता येईल असं मॉरींनी म्हटलं ते यावरून. १८५८ ची केबल काही आठवड्यांतच बंद पडली, १८६६ ची मात्र टिकली.

पण एका देशाच्या वह्या पुरणार नव्हत्या. १८५३ मध्ये ब्रसेल्सला दहा देशांची परिषद भरली, ती मुख्यतः मॉरींच्या प्रयत्नांमुळे. सगळ्यांनी एकाच पद्धतीचा तक्ता भरायचं ठरलं. दुसऱ्याच वर्षी ब्रिटन सरकारने स्वतःचा हवामान विभाग उघडला. आजही व्यापारी जहाजं हवामानाच्या नोंदी पाठवतात, त्या प्रथेचं मूळ इथे आहे.

सगळं गोडच होतं असं नाही. १८५५ च्या त्यांच्या समुद्रभूगोलाच्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, पण त्यातले बरेच तर्क चुकीचे निघाले. उत्तर ध्रुवाजवळ बर्फ नसलेला मोकळा समुद्र आहे, असं ते मानत. शास्त्रज्ञ मंडळींशी त्यांचं जमत नव्हतं. नोंदी गोळा करणं वेगळं आणि त्यातून सिद्धांत काढणं वेगळं, हा त्यांचा आक्षेप मला तरी बरोबर वाटतो. त्याच वर्षी नौदलाने समुद्रावर जाता येत नाही म्हणून त्यांना सेवेतून बाजूला काढलं. तीन वर्षं झगडून त्यांनी पद परत मिळवलं.

आता अवघड भाग. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. मॉरी राजीनामा देऊन गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांना मिळाले. गुलामगिरीला त्यांचा विरोध नव्हता. दक्षिणेतील मालकांनी आपले गुलाम घेऊन ॲमेझॉनच्या खोऱ्यात वसावं, ही कल्पना त्यांनी आधीच मांडली होती. खलाशांचे जीव वाचवणाऱ्या या माणसाने मग विजेवर फुटणारे पाणसुरुंग तयार केले. युद्ध हरल्यावर मेक्सिको, इंग्लंड असं फिरून ते व्हर्जिनियात परतले, लष्करी महाविद्यालयात शिकवू लागले आणि त्यांनी शाळेतल्या मुलांसाठी भूगोलाची पुस्तकं लिहिली. १ फेब्रुवारी १८७३ रोजी लेक्सिंग्टन येथे त्यांचं निधन झालं.

रिचमंड शहरात १९२९ मध्ये त्यांचा पुतळा उभारला होता, वर मोठा पृथ्वीगोल. जुलै २०२० मध्ये तो काढण्यात आला. पुतळा का काढला, असं मुलं विचारतीलच. मी वर्गात वह्यांची गोष्ट सांगतो आणि १८६१ सुद्धा सांगतो. चौथीची मुलं लहान आहेत, हे कशाला सांगायचं, असं एका पालकाने मला म्हटलं होतं. तुम्ही तुमच्या वर्गात कसं सांगाल, ते जरूर कळवा.