अमृता शेर-गिल

अमृता शेर-गिल (जन्म : ३० जानेवारी १९१३, बुडापेस्ट, हंगेरी, मृत्यू : ५ डिसेंबर १९४१, लाहोर) या आधुनिक भारतीय चित्रकलेच्या प्रवर्तकांपैकी एक होत. त्यांच्या चित्रांप्रमाणेच त्यांचा पत्रव्यवहारही त्या काळातील कलाविचारांचे महत्त्वाचे साधन मानला जातो.

जीवन

वडील उमरावसिंह हे संस्कृत व फारसीचे अभ्यासक आणि छायाचित्रकार, तर आई मारी आंत्वानेत या हंगेरियन गायिका होत्या. १९२१ साली हे कुटुंब सिमल्यास आले. १९२९ मध्ये अमृता कलाशिक्षणासाठी पॅरिसला गेल्या आणि १९३४च्या अखेरीस भारतात परतल्या.

मुंबई आणि अजिंठा

१९३६च्या अखेरीस मुंबईत त्यांची ओळख कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांच्याशी झाली. खंडालावाला हे व्यवसायाने वकील आणि भारतीय लघुचित्रांचे जाणकार होते. याच प्रवासात अमृतांनी अजिंठा व वेरूळ येथील लेणी पाहिली आणि तेथून त्या दक्षिणेकडे गेल्या. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा ठसा 'ब्रह्मचारी' व 'वधूचा शृंगार' या १९३७च्या चित्रांवर दिसतो. त्याच वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटीने 'तीन मुली' या चित्राला सुवर्णपदक दिले. पुढे खंडालावाला यांना लिहिलेल्या पत्रांतून त्यांनी स्वतःच्या चित्रांविषयी तसेच मोगल व पहाडी शैलींविषयी मोकळेपणाने मते मांडली.

पत्रांचा नाश

१९३८ मध्ये अमृता हंगेरीला गेल्या व तेथे त्यांनी मावसभाऊ व्हिक्टर एगान यांच्याशी विवाह केला. त्या परदेशी असताना, घरी ठेवलेली त्यांना आलेली अनेक पत्रे बदनामीच्या भीतीने जाळण्यात आली. जवाहरलाल नेहरू यांची काही पत्रेही त्यांत होती, असे सांगितले जाते. हे कळल्यावर अमृतांनी वडिलांना पत्र लिहून खेद व्यक्त केला. सामानाचे ओझे वाढू नये एवढ्याचसाठी ती पत्रे मागे ठेवली होती, असे त्यांनी त्यात कळविले.

जतन व प्रकाशन

अमृतांनी स्वतः लिहिलेली पत्रे मात्र ज्यांना पाठवली होती त्यांच्याकडे असल्याने मोठ्या प्रमाणावर टिकली. वयाच्या अवघ्या २८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९४४ मध्ये खंडालावाला यांनी त्यांच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. अमृतांची बहीण इंदिरा यांचे पुत्र, चित्रकार विवान सुंदरम यांनी कौटुंबिक संग्रहातील व इतरांकडील पत्रे आणि लेख एकत्र करून २०१० साली दोन खंडांत संपादित केले. हंगेरियन पत्रांचे इंग्रजी अनुवादही त्यात आहेत. या खंडांमुळे चित्रकर्तीची बाजू तिच्याच लेखनातून उपलब्ध झाली. जाळलेल्या पत्रांतील स्नेह्यांची बाजू मात्र कायमची नाहीशी झाली.