टोपीची पिन आणि पहिली मोटार

घरात मूल जन्मलं की त्याची नोंद घराण्याच्या बायबलमध्ये करून ठेवायची, अशी जर्मनीत पूर्वी पद्धत होती. फोर्त्सहाइम गावातल्या रिंगर कुटुंबातही असं एक बायबल होतं. असं सांगतात की, दहा वर्षांच्या बर्थानं एकदा ते उघडलं आणि आपल्या जन्माचं पान शोधून काढलं. तारीख होती ३ मे १८४९. शेजारी वडिलांनी पुन्हा मुलगीच झाल्याची खंत लिहून ठेवली होती.

आपल्याकडे हे वाचून कुणाला नवल वाटायचं नाही. किती घरांत अशी वाक्यं लिहिली गेली नाहीत इतकंच, बोलली मात्र गेलीच. पण या मुलीच्या मनात ते वाक्य घर करून बसलं. पुढे तिनं जे केलं, त्यामुळे आज तुमच्या-माझ्या दारात मोटार उभी आहे. जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या माझ्यासारखीला तर बर्था बेन्झ ही कुलदेवताच वाटते!

बर्थाचे वडील सुतारकामातून पुढे आलेले मोठे बांधकाम व्यावसायिक. घरात पैसा होता. बर्थाला मुलींच्या चांगल्या शाळेत घातलं होतं आणि तिला ओढ होती यंत्रांची. पण शाळेपुढची वाट बंद. त्या बाडेन प्रांतात मुलींना विद्यापीठाची दारं उघडली ती थेट १९०० साली. तोवर मुलीनं चांगलं स्थळ बघून लग्न करायचं, एवढंच.

१८६९ च्या जूनमध्ये माउलब्रॉनच्या जुन्या मठाकडे निघालेल्या एका सहलीत तिची कार्ल बेन्झशी ओळख झाली. खात्यापित्या घरच्या मुलीला हे स्थळ कसलं म्हणायचं! वडील रेल्वे इंजिनाचे ड्रायव्हर, ते कार्ल दोन वर्षांचा असतानाच गेले. आईनं काबाडकष्ट करून शिकवलं. इंजिनिअर झाला खरा, पण खिशात दमडी नाही आणि डोक्यात घोड्याशिवाय चालणाऱ्या गाडीचं खूळ. दुसरी एखादी असती तर ऐकून हसली असती. बर्था मात्र ऐकत राहिली.

१८७१ मध्ये कार्लनं मानहाइममध्ये एका भागीदाराबरोबर छोटा कारखाना काढला. भागीदार भरवशाचा निघाला नाही. पहिल्याच वर्षी हत्यारांवर जप्ती आली. तेव्हा बर्थानं वडिलांकडून आपला हुंडा लग्नाआधीच मागून घेतला आणि त्या पैशातून भागीदाराचा हिस्सा विकत घेतला. हुंडा हा शब्द ऐकला की आपल्या अंगावर काटा येतो. इथे नवऱ्या मुलानं काही मागितलं नव्हतं. होणाऱ्या नवरीनं स्वतः ठरवून आपले पैसे एका न बनलेल्या यंत्रात घातले होते. आजच्या भाषेत ती त्या धंद्यातली गुंतवणूकदार होती. पण २० जुलै १८७२ ला लग्न झालं आणि हा हक्क संपला. त्या वेळच्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या पैशावर स्वतंत्र अधिकार नव्हता. पैसे तिचे, कारखाना त्याचा.

नंतरची वर्षं ओढगस्तीची. युजेन, रिचर्ड, क्लारा ही मुलं लागोपाठ झाली. कारखान्यात कधी काम असे, कधी नसे. १८७९ च्या शेवटच्या रात्री कार्ल हताश होऊन बसला होता. त्याचं दोन-स्ट्रोकचं इंजिन काही केल्या धडपणे चालत नव्हतं. जेवण झाल्यावर बर्थानंच विषय काढला, की चला, आणखी एकदा चालवून बघू. दोघं वर्कशॉपमध्ये गेली. आणि इंजिन सुरू झालं! तासभर दोघं त्याचा आवाज ऐकत उभी होती. बाहेर नव्या वर्षाच्या घंटा वाजत होत्या.

पुढे १८८३ मध्ये नव्या भागीदारांबरोबर बेन्झ अँड कंपनी सुरू झाली. २९ जानेवारी १८८६ रोजी कार्लनं तीन चाकांच्या मोटारगाडीचं पेटंट घेतलं. क्रमांक ३७४३५. मोटारीचा जन्मदाखला म्हणून हा कागद ओळखला जातो. त्यावर नाव अर्थातच एकट्या कार्लचं.

म्हणजे गाडी झाली. पण घेणार कोण? लोकांना ते धूर सोडणारं, फटफट करणारं भूत वाटे. कार्ल हाडाचा कारागीर. अजून हे सुधारायचंय, अजून ते बरोबर नाही, असं करत तो गाडी गावाबाहेर लांब न्यायलाच तयार नसे. १ ऑगस्ट १८८८ रोजी त्याला गाडी चालवण्याचा सरकारी परवाना मिळाला, तोही मानहाइम आणि आसपासच्या भागापुरता. सतरा वर्षं झाली होती. बर्थाचा हुंडा, तिचं तारुण्य, सगळं त्या गाडीत गेलं होतं आणि गाडी होती वर्कशॉपमध्ये उभी.

त्याच ऑगस्टमधली एक पहाट. कार्ल झोपेत होता. एकोणचाळीस वर्षांची बर्था आणि तिचे दोन मुलगे, पंधरा वर्षांचा युजेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड, वर्कशॉपमध्ये शिरले. आवाज होऊ नये म्हणून गाडी हातानं ढकलत बाहेर काढली. बऱ्याच पुढे गेल्यावर मागचं मोठं चाक हातानं फिरवून इंजिन सुरू केलं. घरी चिठ्ठी ठेवली होती, की आम्ही फोर्त्सहाइमला आजीकडे जातोय. कशानं जातोय, हे तिनं लिहिलं नव्हतं!

मानहाइम ते फोर्त्सहाइम शंभरावर किलोमीटर. तोवर कुणीच मोटारीनं इतकं लांब गेलं नव्हतं. रस्ते बैलगाड्या नि घोडागाड्यांचे. गाडीला छप्पर नाही, वेग फार तर ताशी सोळा किलोमीटर. इंजिन थंड ठेवायला पाणी लागे आणि ते सारखं उडून जाई. मग दिसेल तिथून, विहिरीतून, ओढ्यातून पाणी आणायचं नि ओतायचं. हे काम पोरांकडे.

इंधनाची तर आणखी गंमत. पेट्रोल पंप ही वस्तूच जगात नव्हती. गाडी लिग्रोइनवर चालायची. हे लिग्रोइन तेव्हा कपड्यांवरचे डाग काढायला वापरत आणि औषधाच्या दुकानात छोट्या बाटल्यांतून मिळे. विस्लोख गावात बर्थानं दुकानदार विली ओकेल यांच्याकडे लिग्रोइन मागितलं. एका बाईला इतकं कशाला हवंय, असा त्यांना प्रश्न पडला असणार. केवढे डाग पडलेत हिच्या कपड्यांवर! ते औषधाचं दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं. समोर बर्थाच्या प्रवासाचं स्मारक आहे.

पुढे इंधनाची नळी तुंबली. बर्थानं टोपीतून लांब पिन काढली, नळीत घातली, कचरा काढला, गाडी चालू. मग ठिणगी पाडणारी वायर घासून उघडी पडली. आता काय गुंडाळायचं? तिनं मोजे वर धरून ठेवणारा गार्टर सोडला आणि वायरीला गुंडाळला. मैत्रिणींनो, पर्समध्ये सेफ्टी पिन नसेल तर आपल्याला घराबाहेर पडवत नाही ना? ती सवय किती जुनी आणि किती कामाची आहे बघा!

ब्रुखझालमध्ये साखळी लोहाराकडून दुरुस्त करून घेतली. चढ आला की इंजिन मान टाकायचं. मग पोरांनी उतरून ढकलायचं, वाटेतल्या माणसांना हाक मारायची. उतारावर उलटी तऱ्हा. लाकडी ब्रेक झिजले, गाडी थांबेना. बाउशलॉट गावी बर्थानं चांभार गाठला आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. आज आपण ज्याला ब्रेक लायनर म्हणतो ना, त्याची ही सुरुवात.

अंधार पडता पडता तिघं धुळीनं माखून फोर्त्सहाइमला पोचली. बर्थानं कार्लला तार केली. काही दिवसांनी त्याच गाडीनं, दुसऱ्या रस्त्यानं ती परतली. विशेष म्हणजे गाडी चालवून आल्याच्या कौतुकात ती रमली नाही. काय काय अडलं, ते सगळं तिनं नवऱ्यापुढे मांडलं. चढासाठी आणखी एक गिअर हवा. ब्रेकला चामड्याचं अस्तर हवं. कार्लनं ते ऐकलं आणि गाडीत तसे बदल केले. मोटार खरोखर कशी चालते ते रस्त्यावर नेऊन तपासायचं आणि मग आराखडा सुधारायचा, हे आज प्रत्येक कंपनी करते. ती पहिली चाचणी अशी एका बाईनं, न विचारता, दोन पोरांना बरोबर घेऊन केली.

पुढच्याच महिन्यात म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. हळूहळू गिऱ्हाईक येऊ लागलं. १८९९ मध्ये बेन्झ कंपनीनं ५७२ गाड्या बनवल्या आणि ती जगातली सगळ्यात मोठी मोटार कंपनी झाली. पुढे मतभेद होऊन १९०३ मध्ये कार्ल रोजच्या कामातून बाहेर पडला. १९०६ मध्ये त्यानं लाडेनबुर्ग गावी नवा कारखाना काढला आणि कुटुंबही तिथेच स्थिरावलं. १९२६ मध्ये बेन्झ आणि डाइमलर या कंपन्या एक झाल्या आणि मर्सिडीज-बेन्झ हे नाव जन्माला आलं. मर्सिडीज हे डाइमलरच्या गाड्या विकणाऱ्या एमिल येलिनेकच्या मुलीचं नाव. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गाडीच्या नावात एक मुलगी आहेच. आणि बेन्झ? ते तर बर्थाचंही आडनाव. पण ते वाचताना तिची आठवण कुणाला होते?

कार्ल १९२९ मध्ये गेला. बर्था त्याच्यामागे पंधरा वर्षं जगली. कार्लस्रुहेच्या तंत्रशाळेनं १९१४ मध्ये कार्लला मानद डॉक्टरेट दिली होती. बर्थाला त्याच संस्थेनं मानद सेनेटर केलं ते १९४४ मध्ये, तिच्या पंच्याण्णवाव्या वाढदिवशी. ज्या मुलीला विद्यापीठात पाऊल टाकायला बंदी होती, तिच्या दारी विद्येचा मान चालत आला. दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ ला, ती गेली. तेव्हा महायुद्ध पेटलेलं होतं. पुढच्या फेब्रुवारीत बाँबहल्ल्यात तिचं फोर्त्सहाइम बेचिराख झालं. ते तिला पाहावं लागलं नाही.

तिच्या नावाची दखल जगानं सावकाशीनं घेतली. अमेरिकेतल्या मोटार क्षेत्राच्या मानदालनात कार्लचा समावेश १९८४ मध्ये झाला, बर्थाचा २०१६ मध्ये. ती गेली त्या रस्त्याला मात्र २००८ पासून तिचं नाव आहे. जाऊन-येऊन १९४ किलोमीटर. कधीतरी तिथे जायचं, हे माझं स्वप्न.

जुन्या गाड्यांच्या रॅलीत गेले की मला बर्था हमखास आठवते. कुर्ल्याला बनणाऱ्या फियाट-पद्मिनीच्या जमान्यात घरोघरी थोडी थोडी बर्था होती. कार्बोरेटरमध्ये कचरा आला की नळी काढून तोंडानं फुंकायची, पाणी तापलं की बॉनेट उघडून थांबायचं, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक. आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर दिसतं काळं प्लास्टिकचं झाकण. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की फोन करायचा आणि टो करणाऱ्या गाडीची वाट बघायची. नव्या गाड्या वाईट, असं मी म्हणणार नाही. एअरबॅग आणि चांगले ब्रेक सोडून मुलाबाळांना जुन्या गाडीतून हायवेवर न्यायला मी तयार होणार नाही. पण गाडी आपल्याला कळते, हा जो विश्वास होता, तो गेला, याची चुटपुट लागते. इलेक्ट्रिक गाडीत बसून पुढचं चार्जिंग स्टेशन कुठे, म्हणून जीव खालीवर होतो, तेव्हा मात्र विस्लोखचं ते दुकान आठवतं. प्रश्न तोच, नव्यानं आलेला.

खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. बर्थानं चालवून बघितलं, बोलून दाखवलं आणि गाडी सुधारली. पण तिच्यानंतर या धंद्यानं बाईला विचारायचं सोडून दिलं. गाडी किती सुरक्षित हे बघायला तिच्यात बाहुला बसवून ती आपटतात. कित्येक दशकं हा बाहुला सरासरी पुरुषाच्या मापाचा होता. बाईचा म्हणून जो वापरला, तो त्याचाच आकारानं लहान केलेला. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१९ मधल्या अभ्यासात दिसलं, की समोरासमोरच्या धडकेत पट्टा बांधलेल्या बाईला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषाहून ७३ टक्क्यांनी जास्त असते. सरासरी बाईच्या शरीराची ठेवण धरून केलेला बाहुला स्वीडनमध्ये अॅस्ट्रिड लिंडर आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये पुढे आणला. पेटंटनंतर १३६ वर्षांनी!

मर्सिडीज-बेन्झच्या गाड्या १९९५ पासून आपल्या पुण्यात बनतात. आता चाकणच्या कारखान्यात. त्या भागातून जाताना रस्त्यावर चकचकीत गाडी दिसली, की बघणारे नाकावरचा तीन टोकांचा तारा बघतात. मी मनातल्या मनात टोपीची एक पिन बघते. आणि फोर्त्सहाइमच्या बायबलातली ती नोंद आठवून हसू येतं. पुन्हा मुलगीच झाली होती, हे किती बरं झालं!