शरद जोशी : शेतमालाचा भाव कोण ठरवतो?



चाकण म्हटलं की आज मुलांच्या डोळ्यांसमोर गाड्यांचे कारखाने येतात. पण याच चाकणमधून एका माणसाने देशाला विचारलं, की शेतमालाचा भाव नेमका कोण ठरवतो? त्या शरद जोशींची ओळख वर्गात जरूर करून द्या.

त्यांचा जन्म 3 सप्टेंबर 1935 रोजी साताऱ्यात झाला. वाणिज्य शाखेचं शिक्षण, काही काळ प्राध्यापकी, नंतर टपाल खात्यात अधिकारी आणि पुढे स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत नोकरी. ती सोडून ते भारतात परतले आणि 1977 च्या सुमारास चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. तोच अंगारमळा.

तिथे त्यांनी स्वतः पिकवलं, विकलं आणि हिशेब मांडला. लक्षात आलं, की पीक कमी येतं म्हणून शेतकरी गरीब नाही; उत्पादन खर्चही भरून निघत नाही म्हणून तो गरीब आहे. निर्यातबंदीसारखे निर्णय भाव आणखी पाडतात.

1978 मध्ये चाकणला कांद्याचं आंदोलन झालं. 1979 मध्ये शेतकरी संघटना स्थापन झाली. पुढे ऊसही आला. ऊस तोडल्यावर लवकर गाळावाच लागतो, नाहीतर वजन आणि साखरेचा उतारा घटतो. म्हणून कारखान्यापुढे शेतकऱ्याचा हात दगडाखाली असतो! नोव्हेंबर 1980 मध्ये नाशिक जिल्ह्यात उसाला टनामागे 300 रुपये मागत शेतकऱ्यांनी रस्ते आणि रेल्वे अडवली. हजारो जण तुरुंगात गेले, गोळीबारात शेतकऱ्यांचे जीवही गेले.

1986 मध्ये चांदवडला त्यांनी शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं. पुढे त्यांनी खुल्या बाजाराची बाजू घेतली. ती अनेकांना पटली नाही. 12 डिसेंबर 2015 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

आता एक उपक्रम. कारखान्याला सुटा भाग पुरवणारा आधी खर्च काढतो, मग दर सांगतो. कांदेवाला मात्र गोणी घेऊन जातो आणि काय मिळेल ते विचारतो. मुलांना एक क्विंटल कांद्याचा खर्च मांडायला सांगा : बियाणं, खत, पाणी, मजुरी, वाहतूक. घरच्या माणसांची मजुरी धरायला विसरू नका. हिशेब बहुतेक वेळा तिथेच चुकतो.