विश्लेषण : आजारी नसतानाही ६४ दिवस कोंडून ठेवले, डॉमिनिक डिसोझा यांचे प्रकरण काय होते?

एप्रिल २०२० च्या अखेरीस नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातून पंजाबला परतलेले शेकडो भाविक करोना पॉझिटिव्ह आढळले. त्यांच्यापैकी बहुतेकांना ना ताप होता, ना खोकला. त्याआधी २००९ मध्ये लातूर जिल्ह्यातील हासेगावात एचआयव्हीसह जगणारी मुले शाळेत येतात म्हणून पालकांनी आपल्या मुलांना शाळेत पाठवणे बंद केले होते. अंगात विषाणू आहे, पण माणूस चालता-फिरता आहे. अशा व्यक्तीला वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला किती? हा प्रश्न १९८९ मध्ये गोव्यातील एका तरुणामुळे मुंबई उच्च न्यायालयात गेला होता.

कोण होते डॉमिनिक डिसोझा?

म्हापशाजवळच्या पर्रा गावचे डॉमिनिक वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड या संस्थेत नोकरीला होते. वय तिशीच्या आसपास, नाटकाची आवड आणि नियमित रक्तदानाची सवय. या सवयीतूनच पुढचे सगळे घडले. दान केलेल्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला. त्यांना विश्वासात घेऊन सांगण्याऐवजी १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलीसच त्यांना न्यायला आले. नेमके कशासाठी, हेही सुरुवातीला सांगितले गेले नाही.

म्हापशातील जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या इमारतीत त्यांना एकटे ठेवण्यात आले. बाहेर पोलिसांचा पहारा. त्यांच्यावर कोणताही गुन्हा नव्हता, अंगात आजाराचे लक्षण नव्हते. उपचार म्हणावे तर तेही नव्हते, कारण एचआयव्हीवर तेव्हा प्रभावी औषधच नव्हते.

कायदा काय सांगत होता?

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. त्यानंतरच्या धास्तीत गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात पॉझिटिव्ह व्यक्तीला सक्तीने वेगळे ठेवण्याचे कलम आले. किती दिवस, याला मर्यादा नव्हती.

अशी सक्ती जगात नवी नव्हती. न्यूयॉर्कमधील स्वयंपाकीण मेरी मॅलन ठणठणीत असूनही तिच्या शरीरात टायफॉइडचे जंतू होते. १९०७ पासून दोन टप्प्यांत मिळून तिला सुमारे २६ वर्षे एका बेटावर ठेवले गेले. पण तिने रांधलेल्या अन्नातून लोक खरोखर आजारी पडत होते. एचआयव्ही सोबत जेवल्याने, शेजारी बसल्याने किंवा हात मिळवल्याने पसरत नाही, हे १९८९ मध्येही माहीत होते. मग खोलीला कुलूप लावून नेमके कोणाचे रक्षण होत होते? करोनातील विलगीकरण ठरावीक दिवसांचे होते आणि तो हवेतून पसरणारा रोग होता. दोन्ही एकाच तराजूत तोलता येत नाहीत.

न्यायालयात काय झाले?

डॉमिनिक यांची आई ल्युसी डिसोझा यांनी उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात याचिका केली. वकील होते आनंद ग्रोवर. ६४ दिवसांनंतर डॉमिनिक बाहेर आले. मुलगा घरी आला, पण आई खटला हरली. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यायालयाने कायद्याचे ते कलम वैध ठरवले. व्यक्तीचे हक्क आणि समाजाचे हित यांत संघर्ष झाला तर समाजहित वरचढ, असा निकालाचा रोख होता. मधल्या काळात सरकारने एवढाच बदल केला होता की वेगळे ठेवणे सक्तीचे न राहता सरकारच्या मर्जीवर आले.

सुटकेनंतर नोकरी राहिली नाही. डॉमिनिक यांनी मात्र लपून राहणे नाकारले. त्या काळात नाव आणि चेहरा उघड करून एचआयव्हीबद्दल बोलणे म्हणजे गावात, नात्यात सगळीकडे दारे बंद करून घेणे होते. १९९२ मध्ये त्यांनी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत त्यांचे निधन झाले. २००५ चा 'माय ब्रदर निखिल' हा हिंदी चित्रपट त्यांच्या आयुष्यावरून सुचलेला आहे. त्यात नायक जलतरणपटू दाखवला आहे.

आज कायदा काय आहे?

१० सप्टेंबर २०१८ पासून देशभर एचआयव्ही-एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ लागू आहे. एचआयव्हीमुळे शाळा, नोकरी, उपचार किंवा भाड्याचे घर नाकारणे, तसेच त्या व्यक्तीला वेगळे काढणे आता बेकायदा आहे. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. तक्रारीसाठी राज्य पातळीवर लोकपालाची तरतूद आहे. नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील एआरटी केंद्रांत औषधे मोफत मिळतात. माहितीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन : १०९७.