बेळगाव सोडताना : लक्ष्मणराव किर्लोस्कर

उद्यमबागेतील फौंड्र्या आणि लेथ यांच्या आवाजात ज्यांचे शिक्षण चालते, त्या विद्यार्थ्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव नवे नाही. पण याच बेळगावात त्यांचा पहिला संसार आणि पहिला कारखाना उभा राहिला, आणि याच बेळगावातून त्यांना बिऱ्हाड हलवावे लागले, ही गोष्ट मात्र आपण सहसा आठवत नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेची आवड म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्याने रंगचित्रांचा नाद सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे मुंबईतच व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत त्यांनी शिक्षकी पत्करली. मात्र घराशी असलेला धागा त्यांनी तुटू दिला नाही. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा त्या विकीत. गिऱ्हाइकाला सायकल चालवायला शिकवण्याचे कामही रामूअण्णांकडेच होते. ‘किर्लोस्कर बंधू’ हे नाव असे दोन भावांच्या रोजच्या व्यवहारातून जन्मले.

पुढे नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावास परतले. सायकलींच्या जोडीला कडबा कापण्याचे यंत्र आले, मग लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली! त्या काळातील त्यांचा दिवस बाहेरून पाहणाऱ्याला अगदी सामान्य वाटला असता. तेच दुकान, तीच भट्टी, तोच भावाचा शेजार, घरी पत्नी राधाबाई आणि मुले. विक्री नसतानाही माणूस उभा राहतो तो अशाच दिवसांच्या आधारावर.

हा क्रम अकस्मात मोडला. १९१० च्या आरंभी कारखान्याची जागा सोडण्याची पाळी नगरपालिकेच्या निर्णयामुळे आली. यंत्रे उचलून न्यायची कोठे? त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास धावले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जागा आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले. कुंडल रोड त्याच लोहमार्गावर, मिरजेच्याही पलीकडे. आज हे अंतर काही तासांचे. परंतु जमलेले गाव सोडून निवडुंग आणि नाग यांनी भरलेल्या माळावर जायचे म्हणजे दुसऱ्या मुलखात जाण्यासारखेच होते. थोरले चिरंजीव शंतनुराव तेव्हा अवघे सहा वर्षांचे होते.

लक्ष्मणरावांचे मोठेपण येथे दिसते. जागा सुटली, पण माणसे त्यांनी सुटू दिली नाहीत. पंचवीस कामगार कुटुंबांसह त्या माळावर आले. रामूअण्णांनी नव्या वसाहतीची व्यवस्था हाती घेतली. पूर्वी दरोडेखोरीबद्दल शिक्षा भोगलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग तेथे विश्वासू रखवालदार झाले. बेळगावातील साध्या दिवसाने जे दिले होते, म्हणजे एकमेकांचा शेजार, सांगाती आणि विश्वास, ते सारे किर्लोस्करवाडीत पुन्हा रुजले. कारखाना वाढला, नांगर महाराष्ट्र-कर्नाटकात पोहोचला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

इतिहास स्थलांतराची तारीख लिहून ठेवतो. त्याच्या आदल्या दिवशी घरात चूल पेटली, भाऊ-भाऊ दोन शब्द बोलले, मुले अंगणात खेळली, याची नोंद ठेवण्याची कोणाला गरज वाटत नाही. ती ज्याची त्याने ठेवायची असते.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षा संपताच आपल्यापैकी कित्येक जण पुणे, बेंगळुरू वा परदेशाची वाट धरतील. लक्ष्मणरावांप्रमाणे सारी माणसे बरोबर नेण्याचे भाग्य प्रत्येकाला लाभत नाही. म्हणूनच निघण्यापूर्वीचा एखादा दिवस खरेदीत आणि निरोपसमारंभांत घालवू नका. आईबरोबर भाजी निवडा, वडिलांबरोबर संध्याकाळी एक फेरी मारून या, भावंडांशी नेहमीसारखे भांडून घ्या. नव्या माळावर पहिले दिवस कठीण जातील, तेव्हा हीच शिदोरी पुरेल.