थोर विचारवंत इब्न खल्दून

उत्तर आफ्रिकेत भूमध्य समुद्राच्या काठी ट्यूनिस नावाचे शहर आहे. या शहरात २७ मे १३३२ रोजी इब्न खल्दून यांचा जन्म झाला. त्यांचे पूर्वज मूळचे दक्षिण अरबस्तानातील हद्रमौत येथले. पुढे हे घराणे स्पेनमधील सेव्हिल शहरात गेले आणि तेथे अनेक पिढ्या मानाने राहिले. तेराव्या शतकात सेव्हिलवर संकट येणार असे दिसू लागले, तेव्हा त्यांनी ते शहर सोडले. शेवटी ते ट्यूनिसला येऊन स्थायिक झाले.

घरात विद्येची आवड होती. इब्न खल्दून यांनी लहानपणीच कुराण पाठ केले. व्याकरण, काव्य, हदीस आणि कायदा यांचा त्यांनी अभ्यास केला. अल्-आबिली या गुरूंनी त्यांना गणित व तर्कशास्त्र शिकवले. कोणतीही गोष्ट तपासून पाहायची सवय त्यांना येथेच लागली.

ते सोळा-सतरा वर्षांचे असताना प्लेगची भयंकर साथ आली. आशिया, युरोप आणि आफ्रिका या तिन्ही खंडांत लाखो माणसे दगावली. भरलेली गावे ओस पडली. या साथीत इब्न खल्दून यांचे आईवडील गेले. त्यांचे अनेक गुरूही गेले. एवढ्या लहान वयात ते पोरके झाले.

लवकरच त्यांनी दरबारात नोकरी धरली. त्या काळी उत्तर आफ्रिकेत अनेक राज्ये होती आणि त्यांच्यात सतत लढाया होत. आज गादीवर असलेला सुलतान उद्या असेलच, याचा भरवसा नसे. इब्न खल्दून मोरोक्कोतील फेज शहरात सुलतानाच्या चाकरीत होते. तेथे १३५७ मध्ये त्यांच्यावर कटाचा संशय आला. त्यांना सुमारे पावणेदोन वर्षे तुरुंगात राहावे लागले. सुलतान वारला तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली.

पुढे ते स्पेनमधील ग्रॅनाडाला गेले. १३६४ मध्ये ग्रॅनाडाच्या सुलतानाने त्यांना वकील म्हणून सेव्हिलला पाठवले. तेथे आता ख्रिस्ती राजा पेद्रो राज्य करत होता. इब्न खल्दून यांची हुशारी पाहून तो प्रसन्न झाला. आपल्याकडे राहिल्यास तुमच्या पूर्वजांची मालमत्ता परत देईन, असे त्याने सांगितले. इब्न खल्दून यांनी नम्रपणे नकार दिला.

नंतर ते बिजाया या राज्याचे मुख्य मंत्री झाले. पण थोड्याच काळात तो सुलतानही लढाईत मारला गेला. पुढची काही वर्षे त्यांनी वाळवंटातील आणि डोंगरातील टोळ्यांमध्ये घालवली. या टोळ्यांतील माणसे साधी, काटक आणि एकमेकांसाठी जीव देणारी होती. इब्न खल्दून हे सारे बारकाईने पाहत होते.

अखेर ते राजकारणाला कंटाळले. १३७५ मध्ये ते आपल्या कुटुंबासह अल्जीरियातील एका एकाकी किल्ल्यात राहायला गेले. तेथे त्यांना जवळजवळ चार वर्षे निवांतपणा मिळाला. आपण इतकी राज्ये पाहिली. ती का उभी राहतात आणि का कोसळतात, या प्रश्नाचा ते विचार करू लागले. १३७७ मध्ये अवघ्या पाच महिन्यांत त्यांनी एक ग्रंथ लिहून काढला. त्याचे नाव 'मुकद्दिमा'. मुकद्दिमा म्हणजे प्रस्तावना. ही त्यांच्या मोठ्या इतिहासग्रंथाची प्रस्तावना होती. पण मूळ इतिहासापेक्षा तीच जास्त गाजली.

जुने इतिहासकार ऐकलेली प्रत्येक गोष्ट लिहून ठेवत, हे इब्न खल्दून यांना पटत नसे. एखाद्या फौजेत सहा लाख सैनिक होते, असे कोणी लिहिले तर ते विचारत, एवढी माणसे रणांगणावर उभी कशी राहतील? एका टोकाचे दुसऱ्या टोकाला कळेल कसे? समाज कसा चालतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच इतिहासातले खरे-खोटे ओळखता येते, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी समाजाचेच एक नवे शास्त्र मांडले.

माणसे एकत्र का राहतात? इब्न खल्दून यांनी याचे सोपे उत्तर दिले. एका माणसाला एका दिवसाचे अन्नही एकट्याने मिळवता येत नाही. भाकरीसाठी गहू पिकवावा लागतो, दळावा लागतो, पीठ मळून भाजावे लागते. त्यासाठी लोहार, सुतार आणि कुंभार यांची अवजारे व भांडी लागतात. म्हणून माणसाला माणसाची गरज असते.

पण केवळ गरजेमुळे राज्य उभे राहत नाही. त्यासाठी माणसांत आपलेपणाची घट्ट भावना असावी लागते. या भावनेला त्यांनी 'असबिया' असे म्हटले. कष्टाचे जीवन जगणाऱ्या टोळ्यांत ही एकजूट मोठी असते. त्या बळावर त्या राज्य जिंकतात. पहिल्या पिढीला कष्टांची आठवण असते. दुसरी पिढी शहरात आरामात वाढते. तिसरी पिढी एकजूट विसरते आणि चैनीत बुडते. मग नवी टोळी येते आणि ते राज्य घेते. राज्याच्या सुरुवातीला कर कमी असतात आणि तरी खजिना भरतो. शेवटी दरबाराचा खर्च वाढतो, कर वाढवले जातात, लोकांचा कामातला उत्साह जातो आणि खजिना रिकामा पडतो. हेही त्यांनीच दाखवून दिले.

माणसाच्या मनाचाही त्यांनी विचार केला. हरलेले लोक जिंकणाऱ्यांच्या पोशाखाची व चालीरीतींची नक्कल करतात, असे त्यांनी लिहिले. माणूस सवयीने घडतो, असे ते म्हणत. मुलांना मारून शिकवू नये, असेही त्यांनी बजावले. माराच्या धाकात वाढलेले मूल आळशी बनते, खोटे बोलू लागते आणि त्याचा उत्साह मावळतो. सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी हे सांगणारा माणूस किती दूरदर्शी असेल!

१३८२ मध्ये इब्न खल्दून इजिप्तला गेले. कैरोच्या अल्-अझहरमध्ये त्यांनी अध्यापन केले. १३८४ मध्ये सुलतानाने त्यांना मालिकी पंथाचे मुख्य काजी नेमले. त्यांनी ट्यूनिसहून कुटुंबाला बोलावून घेतले. पण अलेक्झांड्रियाजवळ ते जहाज वादळात बुडाले. इतक्या दिवसांनी भेटणारी घरची माणसे समुद्राने हिरावून नेली. हे दुःखही त्यांनी सोसले. न्यायदानात ते कोणाची भीड ठेवत नसत. त्यामुळे त्यांना शत्रूही झाले. एकूण सहा वेळा ते काजी झाले. अनेकदा त्यांना पदावरून दूर व्हावे लागले.

१४०१ मध्ये तैमूरच्या फौजेने दमास्कसला वेढा घातला होता. याच तैमूरने १३९८ मध्ये दिल्ली लुटली होती. त्या वेळी इब्न खल्दून दमास्कसमध्ये होते. वय जवळजवळ सत्तर वर्षांचे. तरी ते दोराच्या साहाय्याने तटावरून खाली उतरले आणि तैमूरच्या छावणीत गेले. तैमूरने त्यांचा मान राखला. उत्तर आफ्रिकेची माहिती त्याने त्यांच्याकडून लिहून घेतली. इब्न खल्दून यांनी शहरात अडकलेल्या काही अधिकाऱ्यांसाठी अभय मिळवले. मात्र दमास्कस वाचले नाही. ते लुटले व जाळले गेले. राज्ये कशी कोसळतात, हे त्यांना उतारवयात पुन्हा एकदा पाहावे लागले.

१७ मार्च १४०६ रोजी कैरो येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळीही ते काजीच्या पदावर होते.

एकोणिसाव्या शतकात ऑगस्त काँत या फ्रेंच विचारवंताने समाजशास्त्र हे नाव रूढ केले. त्याआधी सुमारे साडेचारशे वर्षे इब्न खल्दून यांनी त्या शास्त्राची वाट दाखवली होती. त्यांचे सगळेच विचार आज जसेच्या तसे मानले जात नाहीत. तीन-चार पिढ्यांत घराणी संपतात, असे ते म्हणत; पण उस्मानी तुर्कांची सत्ता सहाशे वर्षांहून अधिक काळ टिकून १९२२ मध्ये संपली. तरीही प्रत्येक घटनेचे कारण शोधावे, ही त्यांची शिकवण जुनी झालेली नाही. साथ, तुरुंग, जहाजाचा अपघात आणि युद्ध असे एकामागून एक आघात त्यांच्यावर झाले. पण नशिबाला दोष देत ते बसले नाहीत. हे असे का घडते, असा प्रश्न ते विचारत राहिले.

स्वाध्याय

१. इब्न खल्दून किल्ल्यात राहायला का गेले?
२. भाकरीच्या उदाहरणातून त्यांनी काय सांगितले?
३. मुलांना मारून शिकवण्याचे कोणते वाईट परिणाम त्यांनी सांगितले?
४. राज्याच्या तीन पिढ्यांत कसा फरक पडतो, ते तुमच्या शब्दांत लिहा.