पंडिता रमाबाई : पायवाट ते लोहमार्ग

विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकापर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली ती १२ एप्रिल १८६७ रोजी. दिवसातून एक गाडी जायची आणि एक यायची, एवढाच तिचा व्याप होता. आज वसई-विरारच्या चाकरमान्यांचे अवघे आयुष्य ज्या लोहमार्गाशी जखडलेले आहे, त्याची ही सुरुवात. त्याच काळात देशाच्या दुसऱ्या टोकाला एक ब्राह्मण कुटुंब तीर्थामागून तीर्थ करीत पायी भटकत होते. आगगाडी देशभर पसरू लागली होती. पण तिकिटापुरते पैसे या कुटुंबाजवळ नव्हते. त्या कुटुंबातील धाकटी मुलगी पुढे पंडिता रमाबाई म्हणून जगाला माहीत झाली आणि अमेरिकेसारखा खंडप्राय देश तिने आगगाडीने पालथा घातला. त्या पायपिटीचा आणि या रेल्वेप्रवासाचा संबंध लक्षात घेतल्याशिवाय रमाबाईंचे चरित्र नीट उमगत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये हा त्या काळचा दंडक मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले, आणि स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. रानातील आश्रम कर्जापायी सोडावा लागला तेव्हा रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना यात्रेला नेण्यात आले. पुढची सोळा वर्षे पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करावी आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा क्रम चालला. आईने वाटेतच मुलीला संस्कृत शिकवले. हजारो श्लोक तिला मुखोद्गत झाले.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात आधी वडील, मागोमाग आई आणि नंतर थोरली बहीण कृष्णाबाई गेली. उरलेली दोघे बहीणभाऊ, रमा आणि श्रीनिवास, चालतच राहिली. पंजाब, राजपुताना, बंगाल असा हजारो मैलांचा मुलूख त्यांनी अर्धपोटी तुडवला. झेलम नदीच्या काठी थंडी असह्य झाली तेव्हा वाळूत खड्डे खणून, मानेपर्यंत वाळू ओढून घेऊन त्यांनी रात्र काढली. १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि या वीस वर्षांच्या तरुणीस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

सन्मान आला, पण सुख आले नाही. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीचे बंधन झुगारून नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या प्रारंभी पटकीने पती गेले. तेविसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या रमाबाई तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाच्या बाजूने साक्ष दिली आणि १८८३ मध्ये इंग्लंडला प्रयाण केले. वैद्यक शिकण्याचा त्यांचा बेत होता. परंतु ऐकू कमी येऊ लागल्याने तो सोडावा लागला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या निर्णयाने महाराष्ट्रात जे वादळ उठले, ते त्यांच्या हयातीत कधी पूर्णपणे शमले नाही.

१८८६ च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियाला पोहोचल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. काही महिन्यांसाठी आलेल्या रमाबाई मात्र अमेरिकेत अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या. बालविधवांसाठी शाळा काढायची हे त्यांच्या मनाने घेतले होते आणि त्यासाठी पैसा उभा करायचा होता. फिलाडेल्फियात त्यांनी बालशिक्षणाचे धडे घेतले. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये तेथेच प्रसिद्ध झाले आणि त्याची मोठी मागणी झाली. पण केवळ पुस्तकावर शाळा उभी राहणार नव्हती. गावोगावी जाऊन लोकांसमोर उभे राहणे भाग होते.

अमेरिकेचा विस्तार त्या वेळी रेल्वेमुळेच आवाक्यात आलेला होता. १० मे १८६९ रोजी युटामधील प्रॉमॉन्टरी येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारे लोहमार्ग जोडले गेले. अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंतचे सुमारे तीन हजार मैलांचे अंतर, जे पूर्वी महिनोन्‌महिने खायचे, ते आठवडाभराच्या प्रवासावर आले. गावोगावच्या घड्याळांचा गोंधळ मिटवण्यासाठी रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ पासून प्रमाणवेळेचे विभाग अमलात आणले होते. इंग्लंडच्या गाडीप्रमाणे तेथे प्रवासी एकेका खणात कोंडलेले नसत. डब्याच्या मधोमध वाट आणि दोन्ही बाजूंना आसने असत. हिवाळ्यात डब्यात शेगडी पेटलेली असे, लांबच्या प्रवासाला शयनडबे जोडलेले असत. वाळूच्या खड्ड्यात थंडीची रात्र काढलेली स्त्री आता बर्फाच्छादित मैदानांतून अशा गाडीने जात होती.

हा प्रवास सुखाचा होता असे मात्र म्हणता येणार नाही. मनोरमेला इंग्लंडमध्ये वाँटेजच्या धर्मभगिनींकडे परत पाठवावे लागले होते. पाच-सहा वर्षांची एकुलती मुलगी महासागरापलीकडे, स्वतःस ऐकू कमी येत असलेले, भाषा परकी आणि रोज नवे गाव, अशा स्थितीत रमाबाई संयुक्त संस्थानांत व कॅनडातही फिरल्या. पांढरे वस्त्र आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टनच्या फ्रान्सिस विलर्ड यांच्यासारख्या स्त्रीचळवळीच्या नेत्या त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. १८८७ च्या डिसेंबरमध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे तिचे अध्यक्ष होते. नियोजित शाळेचा खर्च दहा वर्षे चालवण्याची हमी या संस्थेने दिली. तिच्या शाखा गावोगावी निघाल्या आणि किरकोळ वर्गण्यांतून निधी जमू लागला. अखेर रमाबाई पॅसिफिक किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गेल्या आणि १८८८ च्या अखेरीस तेथून जपानमार्गे मायदेशी निघाल्या.

या प्रवासाचा मराठी वाचकाला झालेला लाभ म्हणजे १८८९ मध्ये निघालेला 'यूनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ. त्यात केवळ स्थळवर्णने नाहीत. राज्यव्यवस्था, शिक्षण, धर्मादाय संस्था आणि स्त्रियांची स्थिती यांचा विचार त्यात आहे. अमेरिकन स्त्रियांच्या संघटनशक्तीचे रमाबाईंना कौतुक वाटले. पण कृष्णवर्णीयांना आणि तेथील मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूकही त्यांच्या नजरेतून सुटली नाही.

१८८९ च्या फेब्रुवारीत त्या मुंबईत उतरल्या आणि ११ मार्च रोजी त्यांनी शारदा सदन उघडले. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. आनंदीबाई मात्र १८८७ मध्येच निवर्तल्या होत्या. सदनात आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९० मध्ये सदन पुण्यास हलले. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, हा आक्षेप तेथे तीव्र झाला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या सच्चेपणाविषयी शंका नसलेल्यांनाही या प्रश्नावर त्यांच्यापासून दूर व्हावेसे वाटले, हे नाकारता येत नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. दुष्काळाने आईवडील हिरावून घेतलेल्या रमाबाई स्वतः तेथे गेल्या, आणि निराधार मुली व विधवांना गोळा करून आगगाडीने पुण्याकडे घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते; म्हणून या मुलींसाठी केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर निवारा उभारण्यात आला. तेच पुढे मुक्ती सदन झाले. विरार-वसईवरून जाणारा लोहमार्ग ज्या गुजरातेत पोहोचतो, तेथे १९०० मध्ये दुष्काळ पडला, तेव्हा तेथूनही शेकडो मुली आणल्या गेल्या. केडगावची वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली. शेती, विणकाम, छपाई अशी कामे तेथे स्त्रिया करू लागल्या. ज्यांच्यापाशी तिकिटाला पैसे नव्हते, त्यांचे तिकीट आता कोणीतरी काढत होते.

अखेरची वर्षे रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. ज्या मनोरमेने संस्थेचा भार उचलला होता, ती १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंनी देह ठेवला. पुणे-दौंड मार्गावरील ते छोटे स्थानक आजही आहे आणि रमाबाईंनी उभारलेली संस्थाही तेथे निराधार स्त्रिया व मुलांसाठी काम करीत आहे.